भाईंनी कापलेलं पितळेचं टोक

ये, अशी जवळ बस. तू तिकडे, मी इकडे, म्हणजे कागदावरच बसवतेय तुला, पण बस. फोनवर तुझं एकच ठरलेलं, "काकू, बरी आहेस ना, काका बरे ना, ठेवते मग." दूध उतू जात असल्यासारखी बोलतेस. मागच्या खेपेला तर कहर केलास. चप्पल धड काढली नाहीस, चहा उभ्यानं घेतलास, आणि निघता निघता भिंतीकडे बोट करून म्हणालीस, "काकू, हे खिळ्याला काय गं टांगलंय, पितळेचं? भोवरा आहे का?" आणि मी तोंड उघडायच्या आत रिक्षात. असं विचारायचं असतं होय गं? माणसानं प्रश्न विचारला की उत्तराला बसायची जागा द्यावी.

तो भोवरा नाही. ओळंबा आहे, गवंड्याचा, भिंत सरळ उभी आहे का बघायचा. आणि ओळंबा व्हायच्या आधी तो तुझ्या बापाच्या यानाचं नाक होता. तुझ्या बापाला विचारशील तर म्हणेल, "काही नाही, थोडी चूक झाली होती, दुरुस्त केली." त्याचं सगळं दोन वाक्यांत असतं. म्हणून मी सांगते.

मी लग्न होऊन चिंचवडात आले ते बासष्टात. मावळातली मी, चौथी शिकलेली. तुझे काका पिंपरीच्या एका कंपनीत मशिनवर. गावठाणात दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, आणि घरमालकीण आजी भिंतीपलीकडे. कंपन्यांचे भोंगे झाले की कोण कुठल्या शिफ्टला निघालं ते मला चुलीपुढं बसून कळायचं. वर्षभरात तुझा बाप आमच्याकडे आला, शाळा इथं चांगली म्हणून. मी त्याला पहिल्यापासून भाऊजीच म्हणत आले, आणि अहोजाहो. हाफ चड्डीतल्या दिराला "अहो भाऊजी" म्हणताना मला हसू यायचं, पण रीत ती रीत.

त्याला एक खोड होती. अभ्यास मनात करायचा नाही, मोठ्यानं, आणि तोही माझ्यासमोर. मी भाकऱ्या थापायची, तो पाटावर बसून वाचायचा. मला कळलं नाही की मी भाकरी थांबवायची आणि म्हणायची, "परत सांगा." तो परत सांगायचा. असं करत करत तो दहावी-अकरावीचं शिकला आणि त्याच्या मागून मीही थोडं थोडं शिकले. शाळेचा दाखला नाही माझ्याजवळ, पण ग्रहण का लागतं ते मी त्या काळात आख्ख्या आळीला सांगत असे. वाण्याकडून साखर आली की पुडीचा कागद आधी मी वाचायची, मग साखर डब्यात.

पुढे त्यानं डिप्लोमा केला, कंपनीच्या ड्रॉइंग सेक्शनला लागला. मग नोकरी करत डिग्री. मग त्याच्या डोक्यात वरचं शिक्षण शिरलं, संशोधनाचं. कंपनीनं बिनपगारी रजा दिली, आणि साहेबानं सांगितलं की ही एकदाच. परत मागायला येऊ नका, आलात तर बोर्डावर उभं राहून ड्रॉइंगच काढायचं, रिटायर होईपर्यंत.

विषय काय घ्यावा माणसानं? वर अवकाशात फिरणारं यान एका कक्षेतून दुसऱ्या कक्षेत न्यायचं, आणि तेही हवेचा ब्रेक लावून.

मी म्हटलं, "भाऊजी, परत सांगा."

त्यानं सांगितलं ते असं. फार उंचावर काही उपग्रह असतात, ते पृथ्वीच्या गिरकीबरोबरच फिरतात, म्हणून खालून बघणाऱ्याला एका जागी उभे दिसतात. उद्या तिथवर एखादं यान न्यायचं, तिथलं काम उरकायचं, आणि खालच्या, पृथ्वीजवळच्या कक्षेत परत यायचं. जाताना वेग द्यायला इंधन लागतं हे कुणालाही कळेल. पण परत येतानाही लागतं. वरून खाली घसरताना वेग वाढत जातो, आणि तो मारला नाही तर यान पृथ्वीला वळसा घालून पुन्हा होतं तितकंच वर निघून जातं. तो वेग मारायचा म्हणजे उलट्या दिशेनं इंजिन चालवायचं. त्याचं इंधन जाताना बरोबर वाहून न्यायचं.

"म्हणजे परतीचा कडबा," मी म्हटलं.

आमचे वडील बैलगाडी घेऊन आळंदीला जायचे. परतीचा कडबा गाडीत भरला की गाडी जड. गाडी जड म्हणून बैल जास्त दमणार, जास्त खाणार. म्हणून आणखी कडबा. आई म्हणायची, तुम्ही बैलांसाठी जाताय का कडब्यासाठी?

भाऊजी हसला. "अगदी तेच, वहिनी. आणि कडबा वाटेत फुकट मिळाला तर?"

तर त्याचं म्हणणं हे, की परत येताना यानानं पृथ्वीच्या हवेच्या अगदी वरच्या पातळ थरात एक बुडी मारायची. हवा अंगाला घासते, वेग मरतो, इंधन वाचतं. बुडी मारून बाहेर यायचं, आणि बाहेर आल्यावर इंजिनाचा एक छोटासा धक्का द्यायचा, म्हणजे पुढच्या फेरीला परत हवेत न जाता यान खालच्या कक्षेत राहतं. बुडी खोल गेली तर जळून खाली पडणार. उथळ झाली तर वेग पुरेसा मरणार नाही, यान भलत्याच उंचीला निघून जाणार.

मी तव्यावरची भाकरी हातानं उलटत होते. तो म्हणाला, "हे बघा, तुम्ही करताय तेच. बोट तव्याला लागतं, पण भाजायच्या आत निघतं."

"आणि एखाद्या दिवशी भाजतं," मी म्हटलं.

"त्याचाच तर अभ्यास आहे."

तुझे काका पडवीत सायकल पुसत होते. त्यांची सायकल म्हणजे एक प्रकरण होतं. कंपनीतून येताना उतार लागायचा, तिथं सगळे ब्रेक दाबायचे, हे दाबायचे नाहीत. रबर झिजतं म्हणून. उतार लागला की ताठ बसायचे, कोपरं बाहेर काढायचे, शर्टाची वरची बटणं सोडायचे. शर्ट मागून फुगायचा आणि सायकल आपोआप हळू व्हायची. अख्ख्या शिफ्टमध्ये चेष्टा व्हायची, "राव, पतंग आला." लहानपणी भाऊजी मागं कॅरियरवर बसायचा, त्याच्या तोंडावर तो शर्ट फडफडायचा.

"दादाचा शर्ट हा माझा पहिला धडा," भाऊजी म्हणाला.

"मग डिग्री मला पण द्या अर्धी," तुझे काका पडवीतून म्हणाले.

त्याच वर्षी पावसाळ्यात ती अमेरिकेची स्कायलॅब पडणार म्हणून बोंब झाली. तुला ठाऊक नसेल. माणसं आभाळाकडे बघत कामाला जायची. आजी भिंतीवरून डोकावली, "व्हय गं, तुझ्या दिराचं त्ये हेच का? आमच्या पत्र्यावर न्हाई ना पडायचं?" भाऊजीनं तिला शांतपणे सांगितलं, की तिथं वरही थोडी थोडी हवा असते, ती बिचारी वर्षानुवर्षं घासत राहिली आणि त्या यानाला खाली ओढलं तिनं. ते आपोआप होतंय, बेताल. आम्हाला तेच बेतानं करायचंय. आजी म्हणाली, "बेतानं करा बाबा, पत्रे आत्ताच बदलल्यात." नशिबानं ते कुठं लांब जाऊन पडलं आणि आजी निवांत झाली.

आता मुद्द्याचं सांगते. भाऊजीचं गणित होत आलं होतं, पण त्याच्या सरांनी सांगितलं, नुसत्या गणितावर भागणार नाही. यानाची लहान प्रतिकृती करायची, आणि दक्षिणेतल्या एका संस्थेत वाऱ्याचा बोगदा आहे, तिथं तिच्यावर भयंकर वेगानं हवा सोडून बघायचं. त्या बोगद्यासाठी लांबलांबून लोक नंबर लावून असायचे. सरांनी खटपट करून दिवाळीनंतरचा नंबर मिळवला. तो चुकला तर पुढचा कधी, काही सांगता येत नाही. आणि रजा तर संपत आलेली. म्हणजे नंबर चुकला की तुझा बाप परत बोर्डावर. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, त्याच्या पद्धतीनं, दोन वाक्यांत. पण त्या दिवसांत त्याची भाकरी ताटात तशीच राहायची, त्यावरून मला कळायचं.

प्रतिकृती पितळेची हवी होती, तळहाताएवढी. ती करायला भाईंपेक्षा चांगला माणूस आमच्या माहितीत नव्हता. भाई म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे टर्नर. मराठवाड्यातून आलेलं मुसलमान कुटुंब. आधी कंपनीत होते, मग गावाबाहेर पत्र्याची शेड घेऊन स्वतःचं एक लेथ मशिन टाकलेलं. त्यांची बायको, आम्ही आपा म्हणायचो, माझी नळावरची मैत्रीण. तिच्या शेवया माझ्या पडवीत वाळायच्या, माझ्या कुरडया तिच्या दारात. भाईंची ख्याती अशी की त्यांच्या हातचा जॉब कधी रिजेक्ट होऊन परत आला नाही. कंपन्यांचे लोक त्यांच्याकडे अर्धीमुर्धी ड्रॉइंग आणून टाकायचे, "भाई, बाकीचं तुम्ही समजून घ्या." भाई समजून घ्यायचे. राहिलेला स्क्रूचा आटा, विसरलेली गोलाई, सगळं स्वतःच्या अकलेनं भरून द्यायचे, आणि त्याबद्दल शाबासकी घ्यायचे. आपल्या या पट्ट्यात लहान शेडवाल्यांची कामं अशीच चालायची.

भाऊजी सरांच्या मागं पुण्याला पळत होता, म्हणून ड्रॉइंग मीच नेऊन दिलं. भाईंनी ते खिडकीच्या उजेडात धरलं. मागं एक दांडी होती, बोगद्यात धरायला. आणि पुढं तोंड म्हणजे बशी उपडी घातल्यासारखं, बोथट, पसरट.

"हे काय आहे, भाभी?"

"अवकाशातलं यान आहे. बंदुकीच्या गोळीपेक्षा कितीतरी जोरात जातं म्हणे."

भाईंनी परत एकदा बघितलं, मान हलवली आणि ड्रॉइंग खिशात ठेवलं. "ठीक आहे. तुम्ही निश्चिंत राहा."

दिवाळी झाली. भाऊजीची गाडी ज्या संध्याकाळी पुण्याहून सुटणार होती, तिच्या आदल्या दिवशी चहाच्या वेळेला भाई स्वतः आले. धुतलेला शर्ट, केसांना तेल. हातात नव्या रुमालात बांधलेलं काहीतरी. मागं आपा. रुमाल सोडला आणि आम्ही बघतच राहिलो.

काय वस्तू होती गं ती. सोन्यासारखी लकाकी. मागचा घेर तोच, दांडी तीच, पण पुढं निमुळतं होत होत असं टोक काढलेलं, की हात लावायला भीती वाटावी. देवळाचा कळस म्हण, नाहीतर कमळाची कळी. आरशासारखं पॉलिश, तुझ्या काकांचं तोंड त्यात लांबट दिसत होतं. ते म्हणाले, "वा भाई, हे तर आपोआपच उडेल." आपा म्हणाली, "तीन वेळा घासलं त्यांनी. जेवायला हाका मारून मारून थकले मी." मीही म्हटलं, फार सुंदर झालंय. खोटं नव्हतं ते.

भाई संकोचून म्हणाले, "ड्रॉइंगमध्ये टोक राहून गेलं होतं. घाईत होतं असं. मी म्हटलं, पोरगा शिकायलाय, आपण पुरं करून देऊ. पितळ कमी पडायलं होतं, माझ्याकडचं मोठं लावलं."

एवढ्यात भाऊजी आला. पिशवी खांद्यावर, चप्पल दारात. त्यानं वस्तू हातात घेतली. मी त्याचं तोंड बघत होते. लहानपणी शाई सांडल्यावर जसं व्हायचं तसं झालं. मग त्यानं भाईंकडे बघितलं, आपाकडे बघितलं, आणि म्हणाला, "छान झालंय, भाई. फारच छान."

भाई खूश होऊन गेले.

ते गेल्यावर हा मटकन पाटावर बसला. "वहिनी, टोक नको होतं. तो सगळा अभ्यासच बोथट तोंडाचा आहे."

तुझे काका म्हणाले, "मग मघाशी छान कशाला म्हणालास?"

"दादा, तू नाही का म्हणालास?"

"मला काय कळतंय त्यातलं? मी सायकलवाला."

मग तुझ्या काकांनीच तोड काढली. पिंपरीत त्यांच्या ओळखीचा दुसरा टर्नर होता. सकाळी त्याच्याकडून कापून आणायचं, संध्याकाळी गाडी. "भाईंना कळणार पण नाही. त्यांचा पण मान राहील, तुझं पण काम होईल."

भाऊजी माझ्याकडे बघायला लागला. मला ते पटेना. म्हटलं, "त्यांनी एवढा जीव लावून केलंय, आणि दुसऱ्याच्या हातून त्याचं नाक कापायचं? आज ना उद्या आपाच्या कानावर जाणारच. इथं कुणाच्या कढईत काय शिजलं ते नळावर कळतं. त्यांनी केलंय, तेच कापतील. सकाळी मी येते तुमच्याबरोबर."

सकाळी आम्ही शेडवर गेलो. भाऊजीच्या हातात तो रुमाल आणि तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेला एक साचा. ड्रॉइंगमधल्या तोंडाची गोलाई त्यानं पत्र्यावर उतरवून कापली होती. भाई मशिनला तेल घालत होते. आम्हाला बघून स्टूल पुसलं. भाऊजी रुमालाची गाठच चाचपत राहिला. शेवटी मीच म्हटलं, "भाई, टोक काढून टाकावं लागेल."

भाईंनी तेलाची बुधली खाली ठेवली. "म्हणजे रिजेक्ट."

"रिजेक्ट नाही हो."

"भाभी, मी कंपनीत काम केलेला माणूस आहे. परत आलेल्या जॉबला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे." आवाज चढवला नाही त्यांनी. पण रुमालाकडे बघेनात. "काल तर छान म्हणाला होता हा."

भाऊजी मान खाली घालून म्हणाला, "छान आहेच, भाई. म्हणून तर बोलता आलं नाही."

"मग चुकलं काय? विमान टोकदार. गोळी टोकदार. बाभळीचा काटा टोकदार. जे घुसायचं असतं ते टोकदारच असतं ना? आणि तू म्हणायलास, उपडी बशी हवी."

भाऊजी सांगायला लागला. घर्षण, उष्णता, दाब. नंतर इंग्रजी शब्द यायला लागले आणि भाईंचा चेहरा आणखी बंद होत गेला. मी म्हटलं, "थांबा हो भाऊजी, परत सांगा. असं नाही." आणि मग मलाच काहीतरी आठवलं. "भाई, तुमच्या गावाला विहीर होती?"

"होती की. पायऱ्यांची."

"सूर मारायचात?"

"हाव. सगळ्यांत वरून."

"सूर मारला की कुठं जायचात?"

"तळाला. गाळ घेऊन वर यायचो, पैज असायची."

"आणि एखादा पोटावर आपटला तर?"

भाईंच्या ओठाला थोडी मुरड पडली. "तो कुठला तळाला जातो? वरच फाटकन थांबतो. आमचा धाकटा भाऊ. रोज."

भाऊजी एकदम पुढं सरकला. "भाई, तेच! मला तळाला जायचंच नाहीये. तळाला गेलो की जळालो. मला वरच्या वरच थांबायचंय, पातळ हवेत. मला तुमच्या धाकट्या भावासारखं पडायचंय."

"मग पोट भाजेल की. त्याचं लाल व्हायचं."

"भाजतं. पण टोकदाराचं जास्त भाजतं. टोकाला गरम हवा अशी चिकटून जाते, आणि टोक आधी वितळतं. तोंड बोथट असलं की हवा पुढंच तुंबते, तिची गादी होते. तापते ती गादी, आणि बरीचशी धग घेऊन बाजूनं निघून जाते. धाकटा आपटला की पाणी कुठं जायचं?"

"चारी बाजूंना. काठावरच्यांना आंघोळ."

"तसं."

भाईंनी रुमाल सोडला. वस्तू हातात फिरवली, मग भाऊजीचा पत्र्याचा साचा घेऊन तिच्या अंगाला धरून बघितला. माझा जीव टांगणीला लागला होता, कारण पितळ काही वाढवून लावता येत नाही. कमी पडलं असतं तर नवीन करायला वेळच नव्हता. भाईंनी कॅलिपर लावला, मागच्या घेराशी मोजलं, परत मोजलं.

"मागचा घेर मी तुझ्या ड्रॉइंगचाच ठेवलेला आहे," ते म्हणाले. "मी फक्त पुढं वाढवलं. तुझी बशी याच्या आतच बसलेली आहे."

भाऊजीनं इतका मोठा श्वास सोडला की भाई हसले.

"पण भाभी, आता एक सांगतो," मशिनला जॉब बांधता बांधता ते म्हणाले, "यापुढं ह्यानं ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरात लिहायचं, भाईंनी अक्कल लावू नये."

"आणि आवडलं नाही तर भाऊजींनी छान म्हणू नये," मी म्हटलं.

"ते तर आधी."

मशिन सुरू झालं. टूल पितळेत शिरलं तसा बारीक पिवळा कीस उडायला लागला. भाईंनी तोंड जरा बाजूला केलं होतं. उजेडाकडे म्हणावं तर खिडकी दुसऱ्या अंगाला होती. टोक सुटलं ते त्यांनी खाली पडू दिलं नाही, फडक्यात झेललं; गरम होतं. बाकड्यावर उभं ठेवलं. मग साचा लावत, थांबत, परत लावत, ते तोंड घडवायला लागले. दुपारी आपा डबा घेऊन आली तेव्हा बशी तयार होती. बोथट, ठेंगणी, सुपारीच्या अडकित्त्याशेजारी ठेवली तर कुणी ओळखणार नाही अशी.

"हे?" आपा म्हणाली. "कालचं किती चांगलं होतं."

"आता हे धाकट्यासारखं आहे," भाई म्हणाले, आणि तिला काही कळलं नाही तरी ती हसली. मग त्यांनी भाऊजीला विचारलं, "पॉलिश तरी चालतं का? का त्याला पण नाही?"

"गुळगुळीत हवंच, भाई. जितकं कराल तितकं."

बघ, तेवढ्यावर भाईंचा चेहरा उजळला. आणखी तासभर ते घासत बसले. भाऊजी तिथूनच पिशवी घेऊन गाडीला गेला. मी दिलेल्या दशम्यांचा डबा शेडवरच विसरला. तो आपाच्या पोरींनी संपवला.

तो परत आला तेव्हा घरी आला नाही. स्टँडवर उतरला तो सरळ शेडवर. मला हे आपानं नळावर सांगितलं, तेव्हा मला जरा राग आला होता, पण मग मी पण गेले बघायला. बोगद्यातल्या हवेचा फोटो काढायची काहीतरी तऱ्हा असते म्हणे, हवा दिसते त्यात. काळा-पांढरा फोटो होता. मधे आपली बशी, काळी. आणि तिच्या पुढं, तिला न चिकटता, थोडं अंतर ठेवून एक वाकडी रेघ, धनुष्यासारखी. भाऊजी सांगत होता, ही रेघ म्हणजे हवेला बसलेला धक्का, सगळा जोर आधी इथं मोडतो, तोंडाला पुढचं उरलेलं लागतं.

भाईंनी फोटो बराच वेळ धरला. मग बोटानं त्या रेघेच्या पुढची मोकळी जागा दाखवली. "इथं माझं टोक होतं."

"हो," भाऊजी म्हणाला.

"बरं झालं काढलं. रेघेला जागा मिळाली." एवढंच म्हणाले, आणि फोटो मागून घेतला. शेडमध्ये कॅलेंडरशेजारी तो फोटो वर्षानुवर्षं होता. कुणी विचारलं की भाई सांगायचे, आमच्याकडचा जॉब आहे, पोटावर पडतो. विचारणारा गोंधळायचा. भाईंना ते आवडायचं.

तुझ्या बापाला पदवी मिळाली. बोर्डावर परत जावं लागलं नाही. त्या पद्धतीनं यानं खरंच कधी फिरली का, कुणी फिरवली, ते तू त्यालाच विचार, मला पुढचं नीट सांगता येणार नाही. मला आपलं तोंडापर्यंतचं कळतं.

आणि टोक? ऐंशीनंतर आम्ही चिखलीला जागा घेतली, तेव्हा तिथं शेतं आणि मधेमधे एखादी शेड. बांधकाम काढलं त्या दिवशी भाई आले, खिशातून ते टोक काढलं. त्याच्या पाठीला भोक पाडून, आटा घालून, दोरी ओवायची कडी बसवली होती. "भाभी, ओळंबा. टोकाला एकच काम जमतं, सरळ खाली बघायचं. ते तरी करू द्या त्याला." गवंड्यानं त्याच ओळंब्यानं या घराच्या सगळ्या भिंती उभ्या केल्या. तू मागच्या वेळी ज्या भिंतीला पाठ लावून उभ्यानं चहा प्यायलीस, तीसुद्धा.

भाई आणि आपा पुढे आमच्यामागून चिखलीलाच राहायला आले. भाई आता थकलेत. दिसतं कमी. आपा त्यांना संध्याकाळी आमच्या ओट्यावर आणून सोडते आणि नळावर जाते. नळ आता घरोघरी आलेत, तरी ती जातेच. परवा मी तुझं सांगितलं, की पोरगी भोवरा म्हणाली. खूप हसले. म्हणाले, "तिला बोलवा भाभी, मी सांगतो." मी म्हटलं, तिला बसायला वेळ नसतो. तर म्हणाले, "बापासारखी वरच्या वर बुडी मारून जाते काय?"

आता याला मी काय उत्तर देऊ, तूच सांग. तेव्हा ये. या महिन्यातच ये, भाईंच्या नजरेचं काही खरं नाही. बापाला पण घेऊन ये, त्या जुन्या फोटोसकट, भाईंनी शेड बंद केली तेव्हा तो त्यालाच दिला होता. ओळंबा मी खिळ्यावरून काढून पुसून ठेवलाय. राहायच्या तयारीनं ये, आणि चप्पल काढून.